पटली का खूण?

बांधाचा वाद पेटला की मोजणीवाला येतो, बाभळीच्या बुडाशी वाकतो आणि हद्दीचा दगड काढून दाखवतो. दोन्ही भाऊबंद तीस वर्षं त्याच दगडावर बसून तंबाखू मळत असतात, पण दगड दिसतो फक्त मोजणीवाल्याला. यंदाच्या मे महिन्यात मला त्या माणसाची फार आठवण आली.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यात बनलेली, फायबरच्या बॉडीची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनोचं, ११४९ सीसी. धुळ्यात ती कुठेही उभी केली की पहिला प्रश्न येतो, "हाई कोनती गाडी शे भो?" आणि लगेच दुसरा, "मांगे कोठे बसानं?" मागे बसायचं नाही, सीटच दोन आहेत, हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे सहानुभूतीने बघतो. उन्हाळ्यात उघड्या टपाचा उपयोग बायकोलाच सापडला. तिने दोन्ही सीटवर लुगडं पसरून बिबडे वाळत घातले.

तर, टायमिंग बेल्ट बदलायचा होता. खाली पिस्टनना जोडलेला दांडा म्हणजे क्रँक, वर वॉल्व्ह (झडपा) उघडणारा दांडा म्हणजे कॅम, आणि दोघांना एका तालात ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तो तुटला किंवा भलताच सरकला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन वर येऊन उघड्या वॉल्व्हला धडकतो. वॉल्व्ह वाकतात, इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, उतरवावं लागतं, आणि मग मेस्तरी बिल सांगायच्या आधी आपल्याला खुर्ची देतो. ते टाळायला क्रँक आणि कॅम दोघांच्या दातेरी चाकांवर एकेक खूण असते. ती इंजिनावरच्या खुणेसमोर आणायची आणि पट्टा चढवायचा. व्हिडिओतल्या माणसाने हे चार मिनिटांत केलं. त्याचं इंजिन मात्र जेवायचं ताट ठेवावं इतकं स्वच्छ होतं.

माझ्या इंजिनावर वीस वर्षांचं ग्रीस आणि महामार्गाची धूळ यांचं पिठलं थापलेलं. डिझेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून घासायला बसलो. पारा ४४ वर, हातातला पाना तव्यावरच्या उलथन्यासारखा. अर्ध्या तासाने क्रँकच्या मोठ्या पुलीवर तिळाएवढी पांढरी खूण दिसली. जीव सुखावला. नीट दिसावी म्हणून नखाने जरा खरवडली, तर ती निघूनच आली. बाजरीचं फोलपट होतं.

शिवाय ती पुलीच चुकीची. ती बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरच्या पट्ट्याची. टायमिंगचं लहान दातेरी चाक तिच्या मागे घुंगट घेऊन बसलेलं. पुली काढली, आणि मग खुणांचा सुकाळ झाला. एक पांढऱ्या रंगाची, एक पिवळी, एक छिन्नीने मारलेली, एक बहुधा नेलपॉलिशची, आणि एक मूळची बारीक खाच. आधीच्या प्रत्येक मेस्तरीने आपापला हद्दीचा दगड रोवून ठेवला होता. ज्याला मूळ खूण सापडत नाही तो स्वतःची करून मोकळा होतो. असल्या लोकांना मी त्या दुपारी काय काय म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

खाच धरून क्रँक वर आणला. कॅमची खूण थेट खाली! पुन्हा फिरवलं, पुन्हा क्रँक वर. पण तेवढ्यात घाम डोळ्यांत गेला म्हणून मी आणखी एक फेरा जास्त मारला. कॅम परत खाली. शेवटी हायवेवरच्या आप्पा मेस्तरींना बोलावलं. ते आले, पाणी प्यायले, वाकलेसुद्धा नाहीत.

"आजून एक फेरा मार. क्रँक दोन फेरा मारस तवय कॅम एक मारस, मास्तर."

मी गणिताचा शिक्षक आहे.

फेरा मारला, खुणा जुळल्या, जुना पट्टा उतरवून कुंपणाशी ठेवला आणि नवा आणायला आत गेलो. बाहेर येतो तर आप्पांनी विचारलं, "जुना पट्टा कोठे शे?" नव्याचे दात जुन्याशी मोजून बघायचे होते. शेजारचे नाना कुंपणावरून म्हणाले, "तो ते बकरीना गयामां शे." तेवढ्यात त्यांनी तो कापून दावं केलं होतं. आप्पा उकिडवे बसून मोजू लागले. चाळिसाव्या दाताला बकरीने मान झटकली, पुन्हा एकपासून. तिसऱ्या खेपेला मी तिचे कान धरले. दात जुळले.

पट्टा चढवला, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आवळला, पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे दिले. खूण एका दाताने सरकली होती. ढिला भाग भलत्या बाजूला राहिला होता. उतरवा, चढवा, आवळा, फिरवा. यावेळी दोन्ही खुणा समोरासमोर आल्या आणि किल्ली फिरवताच इंजिन असं लागलं की बकरी दाव्यासकट पळाली.

कव्हर लावायच्या आधी मी इकडेतिकडे पाहिलं. आप्पा हात धूत होते, नाना बकरीमागे होते. पुढच्या वेळी एवढी शोधाशोध नको म्हणून आतून बायकोची लाल नेलपॉलिश आणली आणि त्या खाचेशेजारी एक छोटा ठिपका दिला. हात जरा हलला. ठिपका खाचेवर पडला नाही, बाजूच्या दातावर पडला.

पुसणार होतो, पण ती भराभर वाळते.