त्याला पलंगाखालून ओढून काढू नका

‘बुजरा कुत्रा आठ दिवसांत धीट करा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, वर मात्र ‘तज्ज्ञांचा सल्ला’. मजकूर थोडक्यात असा: दत्तक आणलेला कुत्रा लपून बसला तर त्याला ओढून बाहेर काढा आणि माणसांत बसवा. घाबरला की खाऊ देऊ नका, भीतीला बक्षीस मिळतं. भित्रा कुत्रा चावत नाही. दारं उघडी ठेवा, म्हणजे त्याला कोंडल्यासारखं वाटणार नाही. आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर परत करा, कारण पिल्लूपणी माणसाळला नाही तो पुढे कधीच माणसाळत नाही.

एरवी असलं काही मी वाचून सोडून देते. पण माझी आतेबहीण एका बुजऱ्या कुत्रीला कायमची घरी आणायच्या बेतात आहे, आणि तिने हा मेसेज पाठवून खाली विचारलं, ‘ताई, मग नकोच का घ्यायची?’ आता गप्प बसणं शक्य नाही.

सगळ्यांत घातक सल्ला ओढून काढण्याचा. पलंगाखाली शिरलेला कुत्रा हट्ट करत नसतो. अख्ख्या परक्या घरात पाठ सुरक्षित राहील अशी तेवढी एकच जागा त्याला सापडलेली असते. तिथे हात घालून ओढलंत की तो दोनच गोष्टी शिकतो: लपून उपयोग नाही, आणि माणसाचा हात आला की वाईट घडतं. मेसेजवाल्याचं म्हणणं, दोन-तीनदा असं केलं की कुत्रा ‘शांत’ होतो. होतो ना! मान खाली, शेपूट पोटाशी, अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, नाकासमोर खाऊ ठेवला तरी हुंगत नाही. मधूनच ओठ चाटतो, जांभई देतो, आणि ती झोपेची नसते, ताणाची असते. पाहुणे म्हणतात, ‘किती गुणी आहे!’

या ‘शांत’पणाचं स्वरूप फार पूर्वीच कळलेलं आहे. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांच्या 1967च्या प्रयोगात कुत्र्यांना काही केल्या चुकवता न येणारे विजेचे झटके दिले गेले होते. पुढे सुटायची वाट मोकळी असूनही त्यांतले बरेच कुत्रे जागचे हललेच नाहीत. (प्रयोग निर्दयी होता, यात वादच नाही.) वरवर पाहणाऱ्याला तेही गुणीच वाटले असते. हार मानलेल्या कुत्र्याला धीट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग तो एखाद्या दिवशी ‘अचानक’ चावला म्हणून ओरडू नका.

त्यापेक्षा त्याला तो कोपरा द्या. पाणी, खाणं जवळ ठेवा. त्याच्याकडे कूस करून जमिनीवर बसा, टक लावून बघू नका, वरून वाकू नका, अधूनमधून खाऊचा तुकडा थोडा लांब टाकत राहा. कधीतरी तो मान पुढे ताणून हुंगायला येईल, पण मागचे पाय पळायच्या तयारीत मागेच रोवलेले असतील. नेमकं तेव्हाच कुरवाळायला हात पुढे करायचा मोह होतो. हात मांडीवरच राहू द्या.

खाऊने भीती वाढते, हे तर निव्वळ चूक. भीती ही भावना आहे, दोन तुकड्यांसाठी कुणी मुद्दाम घाबरत नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने अतिशय भित्र्या कुत्र्यांसाठी खास केंद्र चालवलं आणि 2022 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्याची भीती वाटते ते आधी दुरून, थोडं थोडं दाखवायचं आणि सोबत खाऊ द्यायचा, हा तिथल्या उपचारांचा गाभा. जोडीला धीट कुत्र्यांची सोबत आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली औषधं. 441 कुत्र्यांपैकी 86 टक्के त्यातून यशस्वीपणे बाहेर पडले आणि त्यांतल्या जवळपास सगळ्यांना घरं मिळाली. वेळ लागला, पण आठ दिवसांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने. ‘कधीच माणसाळत नाही’ याचं उत्तरही यातच आलं.

पिल्लूपणाबद्दल मात्र मेसेजवाल्याच्या पदरात अर्धं सत्य टाकावं लागेल. साधारण 3 ते 14 आठवड्यांचं वय खरोखरच मोलाचं असतं. त्या काळात माणूस न पाहिलेलं पिल्लू पुढे बुजरं राहतं, हे 1961 सालीच प्रयोगातून दिसलं होतं. असा कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्याच्या मांडीवर कदाचित कधीच बसणार नाही. पण घरातल्या दोन माणसांवर विसंबून तो सुखाने जगू शकतो, आणि घर त्यासाठीच शोधायचं असतं.

भित्रा कुत्रा चावत नाही? चावण्यामागचं एक नेहमीचं कारणच भीती असतं. तो गुरगुरला तर रागावू नका, मागे सरा. उघड्या दारांबद्दल तर काय बोलावं! नव्या घरातला बुजरा कुत्रा निसटला तर तो हाक ऐकून परत येत नाही, पळतच सुटतो. पहिले काही आठवडे दार उघडण्याआधी आतलं दुसरं दार बंद, आणि बाहेर नेताना हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) व गळपट्टा दोन्हींना वेगवेगळी दोरी.

राहिलं परत करणं. घर खरंच जुळलं नाही तर परत करण्यात पाप नाही, उलट ते लपवून रेटण्यापेक्षा बरं. पण आठ दिवसांत फार तर घराचे आवाज ओळखीचे होतात. शिवाय कुत्रे परत येण्याला निम्मे जबाबदार आम्हीच, त्यांच्यासाठी घरं शोधणारे. ‘जरा लाजाळू आहे’ असं गोड लिहून धडपडत्या लहान मुलांच्या घरात कुत्रा द्यायचा, मग तो परत आला की दत्तक घेणाऱ्यांना नावं ठेवायची. म्हणून घेणाऱ्यांनीच नेमकं विचारावं: अनोळखी माणूस खोलीत असताना हा खातो का? दोरी लावू देतो का? दुसऱ्या कुत्र्यासोबत मोकळा होतो का? काही दिवस आधी सांभाळून बघू द्याल का, आणि नंतर अडचण आली तर फोन कोण उचलेल? यावर नुसतं ‘सगळं छान आहे हो’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारावं.