‘लहान सॉफ्टवेअर कंपनीला डेटा कायदा लागू नाही’ : एका फॉरवर्डचा प्रतिवाद

नागपुरातील सॉफ्टवेअर व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्यात म्हटले आहे की स्टार्टअप म्हणून नोंदलेल्या लहान कंपनीला डेटा संरक्षण कायद्यातून सूट आहे. डेटा क्लायंटचा असल्यामुळे जबाबदारीही क्लायंटचीच असते. सर्व्हर परदेशात असेल तर भारतीय कायद्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नोंदणीच्या पानावर ‘मी सहमत आहे’ अशी चौकट ठेवली की संमतीचे काम संपते. आणि तसेही मे २०२७ पर्यंत कोणी विचारणार नाही. परसोडी, धरमपेठ आणि मिहान परिसरातील लहान कंपन्यांचे करारनामे तपासणे हे माझे रोजचे काम असल्याने हा संदेश ‘सर, हे खरे आहे का?’ अशा प्रश्नासह माझ्याकडे वारंवार येतो. प्रत्येक दाव्यात सत्याचा एखादा तुकडा आहे, त्यामुळेच तो पटतो. म्हणून प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे देणे बरे.

स्टार्टअपच्या सुटीपासून सुरुवात करू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १७(३) मध्ये स्टार्टअपचा उल्लेख आहे, हे खरे. मात्र ते कलम स्वतः कोणालाही सूट देत नाही. डेटाचे प्रमाण आणि स्वरूप पाहून अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार ते केंद्र सरकारला देते. शिवाय तेथील ‘स्टार्टअप’ म्हणजे रीतसर मान्यता मिळालेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, भागीदारी संस्था किंवा एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी). स्वतःच्या नावावर चालणारी प्रोप्रायटरी पेढी त्या व्याख्येत बसतच नाही, आणि आपल्याकडे दोन-चार मुलांना घेऊन सुरू झालेली अनेक कार्यालये नेमकी तशीच आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सूट मिळालीच तरी ती मोजक्या तरतुदींपुरती असेल: कलम ५ मधील सूचना, कलम ८ ची उपकलमे (३) आणि (७), तसेच कलम १० आणि ११. डेटा सुरक्षित ठेवण्याचे आणि तो फुटल्यास कळवण्याचे बंधन कलम ८ च्या उपकलम (५) आणि (६) मध्ये आहे, आणि ती दोन्ही या यादीत नाहीत. सर्वांत मोठ्या दंडांपैकी दोन याच कर्तव्यांना जोडलेले आहेत: सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि घटना न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत. (हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत, कसुरीचे गांभीर्य, कालावधी, पुनरावृत्ती आणि नुकसान रोखण्यासाठी केलेले प्रयत्न पाहूनच दंड ठरवावा, असे कायदाच सांगतो. २५० कोटींचा बागुलबुवा दाखवून महागडी प्रमाणपत्रे खपवणारे सल्लागारही या फॉरवर्डइतकेच त्रासदायक आहेत.)

‘डेटा क्लायंटचा, जबाबदारी क्लायंटची’ हा दावा सगळ्यांत जास्त पटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. धंतोली आणि रामदासपेठेत रुग्णालये आणि पॅथॉलॉजी लॅब यांची दाटी आहे, आणि त्यांना नोंदणी, बिलिंग व रिपोर्टिंगची सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या लहान कंपन्या शहरात पुष्कळ आहेत. अशाच एका कार्यालयात करारनाम्याच्या निमित्ताने बसलो असताना डेव्हलपरने स्क्रीन दाखवण्यासाठी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. डेस्कटॉपवर ‘टेस्ट नवीन २’ नावाचे फोल्डर होते आणि त्यात एका लॅबच्या खऱ्या रुग्णांचे रिपोर्ट होते: नाव, वय, मोबाइल क्रमांक, साखर, थायरॉइड. चाचणीसाठी खरा डेटा सोयीचा पडतो म्हणून तो उतरवून घेतला होता आणि मग तसाच राहून गेला होता. लॅबच्या मालकाला याची कल्पना नव्हती, आणि करारनाम्यात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

नव्या कायद्यानुसार मुख्य जबाबदारी लॅबचीच आहे, एवढ्यापुरता फॉरवर्ड बरोबर आहे. डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणारी संस्था म्हणजे डेटा फिड्युशियरी, आणि तिच्या वतीने काम करणाऱ्या प्रोसेसरच्या कृतीसाठीही तिलाच उत्तर द्यावे लागते. पण त्याच कलमानुसार प्रोसेसरला वैध करारनाम्यानेच काम देता येते. म्हणजे शहाणा क्लायंट हा सारा भार करारनाम्यातून तुमच्या अंगावर टाकणार आणि नुकसानभरपाईचे कलम घालणार, हे उघड आहे. मात्र ते फोल्डर क्लायंटच्या कोणत्याही सूचनेविना, स्वतःच्या सोयीसाठी ठेवले असेल, तर ‘आम्ही केवळ क्लायंटच्या वतीने काम करत होतो’ हा बचावही डळमळीत होतो. त्यातच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश सेवा पुरवठादारांना आणि कंपन्यांना थेट लागू आहे: डेटा फुटणे किंवा अनधिकृत प्रवेश यांसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि यंत्रणांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, १८० दिवस जपायचे. त्या वेळी सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदतवाढ मिळाली होती. लहानांना मुदत मिळाली, माफी नव्हे.

सर्व्हरच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. भारतात डेटावर होणाऱ्या प्रक्रियेला कायदा लागू आहेच. भारतातील लोकांना वस्तू किंवा सेवा देण्यासाठी देशाबाहेर होणाऱ्या प्रक्रियेलाही तो लागू असल्याचे कलम ३ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. सिंगापूरचा सर्व्हर निवडल्याने फार तर बिल बदलेल.

चौकटीचे तसे नाही. तेथे चूक सूक्ष्म आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, स्पष्ट कृतीतून दिलेली असावी आणि सांगितलेल्या उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच डेटापुरती असावी, असे कलम ६ सांगते. तेथे कायद्यानेच टेलिमेडिसिन ॲपचे उदाहरण दिले आहे: ॲपने सेवेसोबत फोनमधील संपर्कांची यादीही मागितली आणि वापरकर्तीने दोन्हींना होकार दिला, तरी संमती सेवेपुरतीच धरली जाईल, कारण त्या सेवेसाठी संपर्कांची यादी लागत नाही. म्हणजे चौकटीवर खूण मिळाली तरी जास्तीच्या डेटाला कायदेशीर आधार मिळत नाही. शिवाय संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो, आणि त्यात मराठी आली. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. होकाराला एक बटण आणि नकारासाठी ईमेल पाठवून वाट पाहायची, ही रचना चालणार नाही.

शेवटी मे २०२७ चा मुद्दा. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांचा अवधी देण्यात आला, हे खरे आहे. पण तोवर पोकळी आहे, असे मुळीच नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३अ आणि त्याखालील २०११ चे नियम तोपर्यंत लागू आहेत. वैद्यकीय नोंदी आणि पासवर्ड त्यांत संवेदनशील डेटा म्हणून गणले आहेत, आणि हे कलम ज्यांना लागू होते त्यांच्यासाठी वापरलेल्या ‘बॉडी कॉर्पोरेट’ या शब्दात एकट्या मालकाची पेढीही येते. कर्मचाऱ्यांच्या संख्येची अट तेथे नाही. डेटा ज्याच्या मालकीच्या किंवा ताब्यातील संगणकावर हाताळला जातो, त्याच्या निष्काळजीपणामुळे कोणाचे गैरवाजवी नुकसान झाले तर त्या व्यक्तीला भरपाई द्यावी लागते, आणि ५ कोटी रुपयांपर्यंतचे असे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, चालतात. नव्या कायद्यात दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. बाधित माणसाच्या हाती काही पडत नाही, आणि ती व्यवस्था लागू होताना ४३अ वगळले जाणार आहे. म्हणजे फॉरवर्ड ज्याला मोकळा काळ समजतो, त्या काळात रुग्ण तुमच्याकडून थेट भरपाई मागू शकतो, आणि तो संपल्यावर हा मार्ग बंद होणार आहे.

त्या कार्यालयाचा करारनामा आता सुधारून झाला आहे आणि चाचणीसाठी बनावट नावांचा डेटाही तयार केला आहे. ‘टेस्ट नवीन २’ डेस्कटॉपवरून काढून टाकल्याचे मला कळवण्यात आले. मात्र गेल्या वर्षी नोकरी सोडून पुण्याला गेलेल्या मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर त्याची प्रत होती का, या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.