लाल दिव्याची गाडी

मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून बंद झाले. माझ्या गाडीचा त्यानंतर लागला. फरक एवढाच की त्यांचा टपावर असायचा आणि लोक बाजूला व्हायचे. माझा स्पीडोमीटरच्या शेजारी लागतो, त्यावर बॅटरीचं चित्र असतं, आणि लोकांना मागून ढकलायला यावं लागतं.

ही पदोन्नती भाच्यानं करून दिली. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका रविवारी चार पुरणपोळ्या जिरवायच्या म्हणून त्यानं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "मामा, इंजिनची निम्मी ताकद हा पट्टा फिरवण्यातच वाया चाललीय." निम्मी हा शब्द मला तेव्हाच खटकला होता. पण आमच्या घरी अधिक महिन्यात जावयाच्या बरोबरीनं भाच्यालाही वाण देतात. वाण देऊन बसलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, एक पुली असते, तिच्यावरून पट्टा जातो आणि तो पट्टा वीज बनवणारा डायनॅमो, एसीचा कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप अशा सगळ्या ऐतखाऊ मंडळींना फिरवतो. क्रँकची पुली बारीक बसवली की ही मंडळी हळू फिरतात, इंजिनवरचा भार उतरतो आणि वाचलेली ताकद चाकाला मिळते. डायनॅमोला आता अल्टरनेटर म्हणतात हे त्यानं मला दोनदा सांगितलं. परभणीत कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो डायनॅमोच म्हणतो.

आठ दिवसांनी पार्सल आलं. निळी, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पुली, हातात घेतली तर पापडासारखी हलकी. जुनी काढली ती लोखंडी, काळी, मधे रबराचं कडं असलेली, चांगली वजनदार. ती भंगारात टाकणार तोच बायको म्हणाली, "द्या इकडं, टाकीवर ठेवते." आमच्या गल्लीत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. त्यामुळं अंगणातली पाण्याची टाकी हा घरातला सगळ्यात मौल्यवान ऐवज, आणि उन्हाळ्यात वावटळ आली की तिचं झाकण उडतं. त्या झाकणावर पुली अशी बसली की जणू कंपनीनं त्यासाठीच काढली होती.

वसमत रोडला पहिली चक्कर मारली तेव्हा गाडी पळाली. पैसे खर्च केले की गाडी पळतेच.

लाल दिवा दिसला तो तिसऱ्या दिवशी सिग्नलला. थांबलो की हळूच उगवायचा, निघालो की मावळायचा. इंडिकेटर टिकटिक करायचा ऐवजी टि...क टि...क करू लागला, दमेकऱ्यानं जिना चढावा तसा. "अहो, लाल दिवा लागलाय," बायको म्हणाली. "तो तसाच असतो," मी म्हणालो. नवऱ्यानं गाडीबद्दल बायकोला सांगितलेली निम्मी माहिती याच जातीची असते.

थोड्याच दिवसांत मला त्यावर तोडगा सापडला. थांबलो की न्यूट्रलला टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा, म्हणजे दिवा विझतो. पण सिग्नलला उभ्या माणसानं रेस दिली की पुढच्या बुलेटवाल्याला वाटतं आपल्याला आव्हान आहे. तो वळून बघतो. चष्मा, टक्कल आणि मागच्या सीटवर मेथीची जुडी दिसल्यावर त्याला जे वाटायचं ते त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता यायचं.

मे महिन्यात अंबाजोगाईला लग्न होतं. दुपारी चारला निघालो, पारा बेचाळीसच्या पुढं, एसी फुल्ल. गंगाखेडपर्यंत गाडी लोण्यासारखी. परळीत शिरेपर्यंत अंधार पडला, हेडलाइट लावले आणि समोर वरात आली. अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. आधी एसीची हवा कोमट झाली. मग टेम्परेचरचा काटा वर चढला. मग हेडलाइट पिवळे झाले, मग नारिंगी, आणि शेवटी देवघरातल्या निरांजनाएवढे उरले. लाल दिवा मात्र ठणठणीत. मग तोही गेला. चावी फिरवली तर आतून नुसता "टक" असा आवाज आला.

समोर आकाशात औष्णिक वीज केंद्राची धुराडी. २०१३ च्या दुष्काळात हे केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं, तेव्हा मी घरी बसून सरकारच्या नियोजनावर बरंच बोललो होतो. पाणी नसताना बंद पडण्यात एक अब्रू तरी आहे. माझी गाडी हौसेपायी बंद पडली होती. पानटपरीवरचा एक म्हातारा जवळ आला, काचेतून आत बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, वीज हितंच तयार होती. पर तुमच्या गाडीत भरायची काय सोय न्हाई बघा."

शेवटी वरातीच्याच डीजेवाल्यानं त्याच्या टेम्पोच्या बॅटरीवरून वायरी जोडून दिल्या. "दोन गाणी थांबा सर," एवढीच त्याची अट. दोन्ही गाण्यांना सासुरवाडीच्या लोकांसमोर मला नाचावं लागलं. पुढं अंबाजोगाईपर्यंत एसी बंद, काचा खाली. योगेश्वरीच्या दारात पोचलो तेव्हा बायकोच्या नव्या शालूवर बालाघाटची धूळ होती. ती त्याबद्दल काही बोलली नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

परत आल्यावर एका दुकानानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं डायनॅमो खोलून कार्बन बदलले. तिसऱ्यानं पट्टा इतका ताणला की सकाळी गाडी चालू केली की गल्लीतली कुत्री उत्तर द्यायची. दिवा होता तिथंच.

मग चाचांकडे गेलो. चाचा चाळीस वर्षं फक्त गाड्यांचं वायरिंग करतात आणि घाई अजिबात करत नाहीत. त्यांनी बॅटरीला मीटर लावलं, एसी आणि लाइट चालू करायला सांगितले. काटा १२.० व्होल्टवर. "अब रेस दो." दिली. काटा १४.२ वर. चाचांनी बिडी पेटवली.

"डायनॅमो तो मस्त है साब. तुमने उसकू सुलाके रखे."

मग खिशातून टेप काढून पुल्या मोजल्या. नवी ९ सेंटिमीटरची, डायनॅमोवरची ५. जुनी केवढी होती? हाताची ओंजळ करून दाखवली तर ते म्हणाले, बारा असंल. म्हणजे आयडलला, गाडी थांबून इंजिन नुसतं चालू असताना, ते मिनिटाला ८०० फेरे मारतं तेव्हा डायनॅमो आधी १९२० फिरायचा, आता १४४०. "छोटेपन में सायकल चलाए ना? डायनॅमो लगाके? चढ पे आए तो बत्ती का क्या होता था?"

काय व्हायचं ते मला लख्ख आठवलं, आणि अंधारात पकडणारा पोलीसही आठवला. पूर्ण भरलेली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या आसपास निवांत बसलेली असते. तिला चार्ज व्हायचं तर डायनॅमोनं त्याच्या वर, चौदाच्या आसपास द्यायला हवं. आयडलला तो तेवढं देईना, म्हणून पंखा, एसी, लाइट हे सगळे बॅटरीच खात बसले होते. रस्त्यावर पळताना कमवायचं आणि वरातीत उधळायचं. पाण्याचा पंप आणि एसीही तसेच पेंगत होते, म्हणून काटा वर आणि हवा कोमट. तीन दुकानदारांनी बॉनेटमधली ती निळी पुली बघून "भारी दिसतीय" एवढंच म्हटलं होतं.

"और उसमें रबर था ना, वो कायकू था मालूम?" सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाला क्रँकशाफ्टला पीळ बसतो, तो हादरा ते रबराचं कडं गिळतं, असं चाचांनी समजावलं. मला वाटत होतं कंपनीनं लोखंड वाचवलं. "पुरानी पुली किदर है?"

"टाकीवर."

चाचांनी बिडी विझवली, पण विचारलं काहीच नाही.

घरी वाटाघाटी अवघड गेल्या. "आणि झाकणावर काय ठेवू?" हा प्रश्न रास्त होता. नळ परवाच येऊन गेला होता, टाकी काठोकाठ. मी औदार्यानं निळी पुली पुढं केली. तिनं ती तळहातावर वर-खाली करून बघितली, भाजीवाल्याचं वजन बघतात तशी, आणि झाकणावर ठेवली.

जुनी पुली बसली. सिग्नलला दिवा नाही, इंडिकेटर टिकटिक. बुलेटवाला आता वळून बघत नाही, याचं थोडं वाईटही वाटलं. त्याच दिवशी साडेचारला वावटळ आली. झाकण शेजारच्यांच्या गच्चीवर सापडलं, टाकीत लिंबाचा पाला आणि कुणाची तरी वही. निळी पुली अजून सापडलेली नाही.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, हलकी होती म्हणूनच तर घेतली ना आपण."