लग्नाच्या बायोडाटात पत्ता कसा लिहावा

नाव, शिक्षण, उंची, रास, पगार (हातात पडणारा नव्हे, सांगायचा) असं सगळं टाइप करून झालं आणि 'पत्ता' या रकान्याशी येऊन तुमचं बोट अडलं असेल, तर तुम्ही नक्की सोलापूर जिल्ह्याचे. लाजू नका. थोडं मार्गदर्शन करतो. फुकट आहे, तेव्हा शेवटपर्यंत ऐकून घ्या.

आधी गावाकडचं बघू. मूळ गाव वैराग असेल तर ते ठळक अक्षरात लिहू नये. बार्शी तालुक्यातला माणूस समजून घेतो, पण लांबचे पाहुणे 'मुलगा वैरागचा आहे' ऐकलं की मुलाच्या आईकडे कळवळून बघतात. याच वैरागच्या जवळ सासुरे नावाचं गाव आहे. सासुऱ्याहून वैराग किती जवळ, हे विचारायला बार्शीला जायची गरज नाही, महाराष्ट्रातला कुठलाही जावई सांगेल. सासुऱ्याच्या मुलींची तर आणखी पंचाईत. त्यांचं माहेरच सासुरे.

करमाळा तालुक्यात साडे आहे. 'गाव कुठलं?' 'साडे.' 'साडे किती?' हा संवाद त्या गावच्या माणसानं जन्मभर सोसायचा असतो. तुम्ही तिथले असाल तर पत्रिका छापताना प्रेसवाल्याच्या मागं उभे राहा. 'विवाहस्थळ साडे, वेळ साडेबारा' या ओळीत त्यानं एक स्वल्पविराम खाल्ला, की अर्धं वऱ्हाड जेवणं उरकल्यावर पोचतं. त्याच तालुक्यात वीट आहे. 'वीटचे पाहुणे आलेत' असं फोनवर सांगताना 'चे' खणखणीत उच्चारावा, नाहीतर पाहुणे बाहेर बसून ऐकत असतात. माळशिरस तालुक्यातल्यांना मी काही सांगणार नाही. 'स्थळ नात्यातलं आहे का?' 'नाही, नातेपुत्यातलं आहे' एवढ्यावर त्यांचं भागतं. सोलापूरजवळ कोंडी नावाचं गाव आहे, पण पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना 'कोंडीपाशी पोचलात की फोन करा' असं सांगू नका. ते हिंजवडीतूनच फोन करतील.

आता शहरात या. इथं पत्ता जरा कौशल्यानं वापरला तर अडचण होण्याऐवजी भांडवल होतं. उदाहरणार्थ, 'मुलगा लष्करात असतो, काका फॉरेस्टमध्ये आणि मामा रेल्वे लाईन्सला.' यात एक अक्षर खोटं नाही. लष्कर, फॉरेस्ट आणि रेल्वे लाईन्स या तिन्ही सोलापुरातल्या वस्त्या आहेत, आणि मुलगा, काका, मामा तिथं भाड्यानं राहतात. मुलीकडच्यांनी त्यातून तीन सरकारी नोकऱ्या वाचल्या तर तो त्यांचा प्रश्न. मोदी हा भागही शहरात राजकारणाच्या पुष्कळ आधीपासून आहे. 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मोदीतले' असं सांगितलं की समोरचा एकतर गळ्यात पडतो नाहीतर चहा न घेता उठतो. दोन्हीपैकी काय हवंय ते आधी ठरवून मगच बोला.

काही पत्ते तोंडी सांगण्यासारखे नाहीत. 'सध्या आम्ही सात रस्त्यावर आलोय.' नुसता रस्त्यावर आलेला माणूस लोक समजून घेतात, सातही रस्त्यांवर आलेल्याला मुलगी कोण देणार? 'आसऱ्याला आहे' म्हटलं की लांबचा चुलता खिशात हात घालतो. 'नई जिंदगीत राहायला गेलो' म्हटलं की पहिलीचं काय झालं, ते विचारतो. या सगळ्यांनी 'जुळे सोलापूर' या शहराच्या नव्या वसाहतीचं नाव लिहावं. जुळे सोलापूरचा मान मोठा. जुळी भावंडं काही मिनिटांच्या फरकानं जन्मतात असा वैद्यकशास्त्राचा समज आहे. इथं थोरल्यानं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांना पाहिलं आणि धाकटं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळसं धरू लागलं. कळा तेवढ्या थोरल्यानं सोसल्या, प्लॉटचे भाव धाकट्याला आले.

पत्त्यातल्या वस्तू जागेवर जाऊन शोधायच्या नाहीत, हेही पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. विजापूर वेस, तुळजापूर वेस, बाळीवेस अशा वेशींची नावं घेत शहर चालतं, आता या नावांना दरवाजे शोधत बसू नये. पाणीवेशीत तर पाणी शोधू नये, कारण पाणी आपल्याकडे रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि ते वेशीत येत नाही, रात्री अपरात्री नळाला येतं. सत्तर फूट रोडवर टेप लावू नये. भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून जे फूट उरतात ते आपले.

एका नवख्या पाहुण्याची रिक्षा जुनी मिल कंपाउंडपाशी थांबली तेव्हाचं बोलणं असं:

'आलं की, उतरा.'

'मामा, मिल कुठंय?'

'मिल कुठली आता? ती बंद पडून जमाना झाला.'

'मग हे काय आहे?'

'जुनी मिल.'

रिक्षावाल्याचं काही चुकलं नव्हतं. १८७७ साली सुरू झालेली ती मिल, भोंगा गेला, कामगार गेले, चाती गेली, आणि नाव जागच्या जागी उभं. गिरण्या चालवण्यापेक्षा गिरण्यांची नावं चालवायला खर्च कमी येतो.

एवढं करूनही पत्ता खटकत असेल तर तो बदलून घ्या. ही सोय लोकशाहीत आहे. एक निवेदन, एक ठराव, एक फलक, एक हार, आणि नव्या नावाचं घर जुन्याच गटारीसमोर तयार. रस्ता करायला डांबर लागतं, नामकरणाला नारळ पुरतो. फक्त लोकांनी ते नाव वापरावं अशी अपेक्षा ठेवू नका. उजनीच्या जलाशयाचं नाव यशवंतसागर आहे, आणि उन्हाळ्यात त्याची टक्केवारी रोज तोंडपाठ असणारा सोलापूरकर जन्मात कधी 'यशवंतसागर' म्हणत नाही. कंबर तलाव धर्मवीर संभाजी तलाव झाला, तरी फिरायला जाणारे कंबर तलावालाच जातात. इंदिरा गांधी स्टेडियमवर सामना असला तर तो 'पार्कवर' असतो. १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालेलं सोलापूर विद्यापीठ २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं. ते पूर्ण नाव पदवीच्या कागदावर दिमाखात बसतं, पण कागद आणायला निघालेला पोरगा रिक्षात बसून 'केगाव' एवढंच म्हणतो.

थोरांची नावं देण्यात आपण कुठं कमी पडत नाही, घेण्यात पडतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉच्या आंदोलनानंतर १२ जानेवारी १९३१ ला हे चौघे येरवड्यात फासावर गेले. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि जागेला नाव दिलं चार पुतळा. संख्या बरोबर आहे. वेगवेगळ्या धर्मांची आणि जातींची चार माणसं एका दोरीसाठी एकत्र उभी राहिली, ही माहिती बायोडाटात उपयोगी नाही, म्हणून ती वगळावी.

पाट्या न वाचण्याची आपली परंपरा तशी अलीकडची म्हणायला हवी. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. वाचणारा विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात कोरलेली आहे. त्या काळी वाचणाऱ्यासाठी काहीतरी बक्षीस होतं. आज चौकातली निळी पाटी वाचून पत्ता विचारणारा माणूस दोन तास फिरतो.

आता थोडं हळू आवाजात सांगायचं. हे सगळं हसण्यावारी नेता येतं ते ज्यांना वैराग, साडे, नई जिंदगी असले पत्ते आहेत त्यांना. शहरात 'सेटलमेंट' नावाचाही भाग आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी आख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, आणि तशा लोकांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायची जागा म्हणजे सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. तार गेली. वस्तीच्या नावात 'फ्री कॉलनी' आलं, म्हणजे माणसं मोकळी झाली हे नावातच लिहून टाकलं, फक्त त्याच्या आधीचा 'सेटलमेंट' हा शब्द कुणी उचलला नाही. तिथल्या पोरानं अर्जात पत्ता लिहिला की टेबलापलीकडचा माणूस अर्ज सोडून पोराकडे बघतो. त्याला मी काय सल्ला देणार? 'पत्ता' रकान्यासाठी माझ्याकडे युक्त्या आहेत, त्या नजरेसाठी नाहीत.

सरकारनं मात्र उपाय काढला. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. निर्णय चांगला, आणि व्हायलाच हवा होता. फक्त तुमच्यासारख्या, माझ्यासारख्या चौकस माणसाची त्यामुळं गैरसोय होते. पूर्वी पत्ता वाचून कळायचं, आता 'समतानगर म्हणजे पूर्वीचं कुठलं हो?' असा एक जादा प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न गोड आवाजात विचारावा. जमल्यास शेंगाचटणीची चौकशी करता करता मध्येच विचारावा.

कारण बायोडाटातला हा रकाना टपालासाठी नसतो, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. पत्र आजकाल पाठवतो कोण? आपल्याकडे जाणकार मंडळी पत्त्यावरून सगळी कुंडली मांडतात. कन्ना चौक, कौंतम चौक, गेंट्याल चौक म्हटलं की पूर्व भाग, म्हणजे घरात तेलुगू आणि आजोबांच्या वेळी घरातच माग. बाळीवेस म्हटलं की कन्नड. बेगम पेठ म्हटलं की पुढचं विचारायची त्यांना गरजच वाटत नाही. 'आम्ही जातपात मानत नाही' ही ओळ बायोडाटाच्या तळाशी घालणारे लोकच पत्त्याची ओळ सगळ्यात आधी वाचतात. तेव्हा ही ओळ तुम्हीही घाला. खर्च नाही, आणि घालणाऱ्याकडून कुणी पुरावा मागत नाही.

यातलं काहीच जमलं नाही, तर शेवटचा इलाज: पत्ता लिहूच नका, मोबाइलवरून लोकेशन पाठवा. नकाशावरच्या लाल खुणेला ना पेठ असते ना वस्ती. अर्ध्या तासात फोन येईल.

'लोकेशन मिळालं बरं का. छान आहे एरिया. पण ते आजूबाजूला... कोण कोण राहतं तुमच्या?'

इथं गडबडून जाऊ नका. शेजाऱ्यांपैकी ज्यांची आडनावं चालण्यासारखी आहेत तेवढी सावकाश, एकेक करून सांगा. सकाळी ज्यांच्याकडून विरजण मागून आणलं, त्यांचं नाव सांगायचं राहून गेलं तरी चालेल.