‘कोड क्लिअर केलाय सर’

तीन वेळा. पावसाळा सुरू झाल्यापासून गाडीच्या डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या एका लाल दिव्यापायी मी तीन वेळा सर्व्हिस सेंटरच्या त्या थंडगार लाउंजमध्ये बसून मशीनची पचपचीत कॉफी प्यायलोय. आणि पहिल्या दोन्ही वेळा सल्लागार पोराने चावी हातात देत एकच वाक्य ऐकवलं, "कोड क्लिअर केलाय सर."

अरे, क्लिअर केला म्हणजे काय केलं? बिघाडाचा जो कोड गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवला होता तो पुसला, एवढंच ना? तापाने फणफणलेल्या माणसाचा थर्मामीटर झटकून पारा खाली आणला, याला औषधोपचार म्हणायचं का? पहिल्या वेळी दिवा आठवडाभर तरी गप्प होता. दुसऱ्या वेळी गेटबाहेरच्या स्पीडब्रेकरवरच पेटला. मी तिथूनच गाडी वळवली, तर वॉचमन म्हणतो, अपॉइंटमेंट घेऊन या!

आणि मी काही कोडं घातलं नव्हतं. स्वच्छ मराठीत सांगितलं होतं की बायकोने गाडी चालवली की दिवा लागतो. ती पाच फूट एक, मी पाच अकरा. ती सीट पुढे ओढते, मी मागे ढकलतो. ड्रायव्हरची साइड एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली, तिची वायर सीटखालून जाते आणि सीट सरकली की ती वायरही हलते. यापेक्षा जास्त काय सांगायचं, वायरचा पत्ता? जॉबकार्डवर त्या पोराने काय लिहिलं? "एअरबॅग लाइट ऑन." बस्स. बायको नाही, सीट नाही, काही नाही.

गाडी इलेक्ट्रिक, म्हणून वर आणखी एक बहाणा. "ईव्ही आहे ना सर, सगळ्यांना हात लावता येत नाही, ट्रेनिंगवाला टेक्निशियन रजेवर आहे." अहो, हाय व्होल्टेजच्या केबली केशरी असतात. एअरबॅगचे कनेक्टर पिवळे. सीटखाली काय आहे ते वाकून तरी बघा! ते सगळं काम 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतं, पेट्रोल गाडीत चालतं तसंच. फरक इतकाच की ती छोटी बॅटरी इथे मोठ्या बॅटरीवरून चार्ज होते, म्हणून आधी गाडी पूर्ण बंद करायची, चार्जर काढायचा, मग 12 व्होल्टची निगेटिव्ह सोडवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलीय तितकी मिनिटं थांबायचं. उलट इलेक्ट्रिक आहे म्हणून तर जास्त मनावर घ्या ना! धडक बसली की मोठ्या बॅटरीचं कनेक्शन तोडायचा इशारा हाच एअरबॅगचा कंट्रोलर देतो.

2022 मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या होणार म्हणून केवढा गाजावाजा, 2023 मध्ये ती सक्ती बारगळली, तरी शोरूममध्ये मला "सर, सहाच्या सहा स्टँडर्ड" असं कौतुकाने ऐकवलं गेलं. दिवा पेटलेला असताना त्या सहांपैकी किती जाग्या असतात, हे मी विचारलं तेव्हा शोरूमवाला सर्व्हिसकडे बोट दाखवतो आणि सर्व्हिसवाला स्क्रीनकडे.

स्क्रीनवर काय होतं? रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जास्त, ड्रायव्हर साइड. संपलं निदान. आता कोड वाचणारं हे स्कॅनर फक्त कुठलं सर्किट रडतंय ते सांगतं, का रडतंय ते सांगत नाही. एअरबॅग फोडणाऱ्या त्या इग्नायटरचा रेझिस्टन्स असतो साधारण दोन ओहम. कंट्रोलर चिमूटभर करंट सोडून तो सतत मोजत बसलेला असतो. पिनवर थोडा गंज चढला, कनेक्टर अर्धवट बसला, की एखादा ओहम इकडेतिकडे होतो आणि दिवा लागतो. म्हणजे दहापैकी नऊ वेळा संशयित कोण, हे सीटखाली टॉर्च मारली तरी कळतं. पण नाही! तिसऱ्या भेटीत माझ्या हातात कोटेशन ठेवलं: एअरबॅग मॉड्यूल आणि सीटचं हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, 46,000 रुपये. वॉरंटीत का नाही? "बाहेरून डॅमेज असू शकतं सर." बघितलंत का? "नाही, पण असू शकतं."

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. लाउंजमधल्या दोन काकूंनी मोबाइल खाली ठेवले, इतका चढला.

त्या आवाजाने बॉडीशॉपमधले एक पिकल्या केसांचे काका बाहेर आले. त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "सीट कोण सरकवतं?" मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. मागून एक शिकाऊ पोरगा मल्टिमीटर घेऊन एअरबॅगकडे निघाला, तर काका खेकसले, "ए, मीटर खाली ठेव! फुटली म्हणजे?" बरोबरच आहे, मीटरचा करंटही त्या इग्नायटरला नको असतो. काकांनी बॅटरी सोडवली, थांबले, सीटचे चार बोल्ट काढले आणि पिवळा कनेक्टर सोडवून गाडीच्या बाजूला, एअरबॅगच्या जागी, दोन ओहमचा डमी रेझिस्टर लावला. बॅटरी जोडून बघितलं, तर दिवा गायब. म्हणजे कंट्रोलर ठीक, कार्पेटखालची वायर ठीक. मग परत बॅटरी सोडवून कनेक्टर उजेडात धरला: सीटकडची एक पिन मागे सरकलेली, तिच्यावर हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज. ओल्या मॅटचं पाणी. आणि वायर ज्या क्लिपमध्ये असायला हवी ती क्लिप तुटलेली, बहुधा वॉशिंग सेंटरच्या व्हॅक्यूमच्या पाइपने.

सीटखालचा तो वायरचा छोटा तुकडा कनेक्टरसकट बदलला. पिळून टेप गुंडाळायचा जुगाड नाही, काकांनी तर टेपचं नावही काढू दिलं नाही. बिल 2,150 रुपये. शिवाय आधीच्या दोन भेटींचे "डायग्नोसिस चार्जेस" वेगळे, तेही मी भरलेत. कसलं डायग्नोसिस? बटण दाबल्याचं?

दुसऱ्या दिवशी फोन. "सर, फीडबॅकचा कॉल येईल, दहापैकी दहा द्या हं, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात." दहा देईन म्हटलं, काकांचं नाव लिहून घ्या. तर ती मुलगी म्हणते, सिस्टिममध्ये फक्त सल्लागाराचं नाव घेता येतं.

दिवा अजून तरी लागलेला नाही. वॉशिंग सेंटरला गेलो की मी आता त्या व्हॅक्यूमवाल्या पोराच्या डोक्यावर उभा असतो. त्याला वाटतं, मी सुटे पैसे शोधतोय.