अर्ध्या मॅचमधून स्टिक परत मागू नका

रविवारी आमच्या तालुक्याच्या गावात पूलची, म्हणजे टेबलावर स्टिकनं बॉल पॉकेटमध्ये टाकायच्या खेळाची, टुर्नामेंट झाली. टीनाचं शेड, दोन टेबलं, दोन कूलर आणि आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली तीस-पस्तीस पोरं. कोण जिंकलं हे सांगायला ही पोस्ट नाही. सेमीफायनलमध्ये जे झालं ते तीन दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

बेस्ट ऑफ नाइनची मॅच होती, म्हणजे नऊ फ्रेमपैकी (डावांपैकी) पाच आधी जिंकेल तो पुढं. एका बाजूला जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेला अनुभवी खेळाडू. स्वतःची केस, केसमध्ये तीन स्टिका: एक खेळायची, एक ब्रेकची म्हणजे रचलेले बॉल फोडायच्या पहिल्या फटक्याची, एक जंपची म्हणजे बॉल उडवायची. दुसऱ्या बाजूला अठरा किलोमीटरवरच्या खेड्यातला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. त्याच्याजवळ स्वतःचं काहीच नव्हतं. पार्लरच्या भिंतीवर टांगलेल्या स्टिकांमधून त्यानं एक निवडली, टेबलावर लोळवून वाकलेली आहे का ते पाहिलं, आणि त्यातल्या त्यात सरळ निघाली ती घेतली.

पहिल्या फ्रेमआधी त्यानं नीट विचारलं, "भाऊ, ब्रेकसाठी तुमची स्टिक घेऊ का? या स्टिकायचे टिप पार गेले." (टिप म्हणजे बॉलला लागणारं स्टिकचं टोक.)

"घे नं बावा, त्यात इचारतं काय!"

आळीपाळीनं ब्रेक होता आणि पहिला ब्रेक पोराचा होता. पहिली, तिसरी, पाचवी, सातवी अशा चार फ्रेमचे ब्रेक त्यानं त्या उसन्या स्टिकनं केले. स्कोअर झाला ४-४. आता शेवटची फ्रेम, ब्रेक पुन्हा पोराचा. तो स्टिक घ्यायला वळला तर समोरचा ती खोलून केसमध्ये ठेवत होता. "आता नोको. फायनलमंदी मले लागते, टिप खराब होते."

पोरगा काही बोलला नाही. हातातल्या स्टिकनंच त्यानं ब्रेक मारला. टिप घसरली, पांढरा बॉल तिरका सुटला आणि सरळ मधल्या पॉकेटमध्ये गेला. फाउल, बॉल इन हँड, म्हणजे आता पांढरा बॉल समोरच्यानं हातानं ठेवून खेळायचा. समोरच्यानं शांतपणे टेबल साफ केलं, शेवटी काळा बॉल टाकला आणि ५-४.

बाहेर तर्री-पोह्यांच्या गाडीवर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं. वस्तू त्याची, मर्जी त्याची. द्यायलाच हवी असा काही नियम आहे का? नाही. मग झालं.

मला हे मुळीच पटलेलं नाही.

जे पूल खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो, नाहीतर एका काडीसाठी एवढं कशाला असं वाटेल. ब्रेकचा फटका सर्वांत जोराचा असतो. रोजच्या खेळायच्या स्टिकचं टिप चामड्याचं असतं. त्या टिपनं वारंवार जोरात ब्रेक मारला की ते दबतं, कडेनं फुगून भुईछत्रासारखं होतं आणि मग नाजूक फटक्याला दगा देतं. म्हणून ज्यांना परवडतं ते ब्रेकला कडक टिपची वेगळी स्टिक ठेवतात. अशा स्टिकनं चार ब्रेक मारले की हाताला तिचं वजन कळतं, किती जोर लावायचा ते बसतं. पाचव्या ब्रेकला ती काढून घेतली तर त्या माणसाला ऐन शेवटच्या फ्रेममध्ये अनोळखी औजार हाती धरावं लागतं. पहिल्या फ्रेमआधीच "नाही" म्हटलं असतं तर त्या पोरानं चारही ब्रेक पार्लरच्या स्टिकनं केले असते. तिची खोड त्याला कळली असती, जोर कमी केला असता, टिप घसरू नये म्हणून चॉक जास्त लावला असता. मॅच कदाचित तो ४-४ पर्यंत पोचण्याआधीच हरला असता. पण ते हरणं त्याचं स्वतःचं राहिलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की द्यायचं की नाही हे मॅच सुरू होण्याआधी ठरवा, आणि एकदा दिलं की शेवटचा बॉल पडेपर्यंत ते तुमचं नाही. नाही द्यायचं तर खुशाल देऊ नका. मी माझी खेळायची स्टिक कोणालाच देत नाही. नागपूरहून आणली तेव्हा दोन हंगामांचे पैसे बाजूला टाकले होते. मी सुरुवातीलाच तसं सांगतो आणि आजवर कोणाला राग आलेला नाही. तोंडावर स्पष्ट दिलेल्या नकाराचा आपल्याकडे कोणी राग धरत नाही. राग येतो तो देऊन काढून घेण्याचा.

चॉकचं त्यातल्या त्यात सोपं आहे. टेबलाच्या काठावर ठेवलेलं चॉक दोघांचं. स्वतःचं वेगळं आणलं असेल तर खिशात ठेवा, पण काठावरचं उचलून खिशात घालू नका, आणि लावून झालं की खालचं तोंड टेबलावर टेकवून ठेवू नका, कापडाला निळा डाग पडतो. (नावाला चॉक, पण त्यात शाळेतला खडू नसतो. सिलिकासारखी खरखरीत भुकटी असते, म्हणून ते टिपला पकड देतं. १८९७ साली विल्यम स्पिंक्स नावाच्या बिलियर्ड्सपटूनं एका रसायनतज्ज्ञाच्या मदतीनं त्याचं पेटंट घेतलं होतं.) लांबच्या फटक्याची रेस्ट, त्रिकोणी रॅक, ब्रश हे सगळं टेबलाचं असतं, तिथं तुझं-माझं येतच नाही.

खरी अडचण जंपच्या स्टिकची आहे, आणि इथं माझ्याशी वाद घालणारे जे म्हणतात त्यात तथ्य आहे हे मी मान्य करतो. समजा मी विचार करून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडवणारा फटका, खेळलो. पांढरा बॉल माझ्या बॉलच्या मागे नेऊन लपवला. समोरच्याला त्याचा बॉल दिसतच नाही. आता मधला बॉल उडवून पलीकडे जाण्याचा एकच मार्ग उरतो. वरून खाली तिरका फटका मारायचा, पांढरा बॉल कापडाखालच्या पाटीच्या दगडावर आपटून उसळी घेतो. खालून खरवडून उचलला तर फाउल. त्या उसळीसाठीच आखूड, हलकी, कडक टिपची स्टिक असते. आंतरराष्ट्रीय नियमांत कोणतीही स्टिक किमान ४० इंचांची हवी, त्याहून आखूड चालत नाही. तर, मी बांधलेली गाठ सोडवायला समोरचा माझीच सुरी मागतो. द्यायची का?

दोन वर्षांपूर्वी वर्धेकडे एका स्पर्धेत मी दिली होती. स्कोअर १-० होता. त्यानं सुंदर जंप मारली, बॉल पडला, मीही टाळी वाजवली. पुढं ३-३ झाले, मी पुन्हा सेफ्टी टाकली, त्यानं पुन्हा हात पुढं केला, आणि मी म्हणालो, "नाही भाऊ, आता नाही." तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग गुपचूप टेबलाच्या एका काठाला (कुशनला) पांढरा बॉल लावून प्रयत्न केला, चुकला. मॅच मी जिंकली. मोटरसायकलवर घरी येताना पन्नास किलोमीटर मला तो चेहरा दिसत होता. १-० ला मी उदार होतो कारण तेव्हा उदार होणं स्वस्त होतं. ३-३ ला महाग झालं आणि मी हात आखडता घेतला. त्यानंतर मी जंपबद्दलही मॅचआधीच बोलून घेतो. "जंपची लागली तर आहे, शेवटपर्यंत आहे." कोणी म्हणेल, आपली जंपची स्टिक कोणालाच नाही. तेही मला मान्य आहे. फक्त स्कोअर पाहून ठरवू नये.

हे मला पूलनं शिकवलेलं नाही. मी बारा वर्षांचा होतो. आमच्या वावराला लागून ज्यांचं वावर आहे त्यांच्याशी आमचा धुऱ्याचा, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचा, वाद होता. तहसीलपर्यंत गेलेला, दोन्ही घरांत बोलणं बंद. त्या वर्षी त्यांचा डवरा, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं औत, मोडला. पावसाची उघडीप मिळाली होती, वापसा झाला होता. डवरणीचं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, वापसा दोन-तीन दिवसांचा पाहुणा. गाळ असताना डवरा चालत नाही आणि जमीन वाळून कडक झाली की चालत नाही. सकाळी त्यांचा पोरगा धुऱ्यावर येऊन उभा राहिला. बाबांनी काही न बोलता डवरा दिला. दुपारी आभाळ भरून आलं. आमचंही अर्धं वावर डवरायचं राहिलं होतं. मी म्हटलं, मी जाऊन घेऊन येतो.

बाबा म्हणाले, "अर्ध्या तासातून कोणाचं औत सोडवून आणत नसतात बाबू. तास पुरा होऊ दे."

तास म्हणजे वावरातली ओळ, घड्याळातला तास नव्हे. पण बाबा नुसती ओळ पूर्ण होईपर्यंतच थांबले नाहीत. त्या माणसाचं सगळं वावर होईपर्यंत डवरा मागितला नाही. संध्याकाळी पाऊस आला, आमचं राहिलं. धुऱ्याचा वाद पुढं सहा वर्षं चालला, त्यात बाबांनी हातभर जमीनही सोडली नाही. पण डवऱ्याचा उल्लेख त्यांनी भांडणात एकदाही केला नाही. "माझ्या डवऱ्यानं तुझं पीक आलं" हे वाक्य तोंडावर यायला काय लागतं? आलं नाही.

हेही लिहून ठेवतो, कारण पार्लरमध्ये ते फार ऐकू येतं. "माझ्या स्टिकनं जिंकला." नाही. तो त्याच्या हातानं जिंकला. आणि स्टिक देऊन झाल्यावर प्रत्येक फटक्याला "सांभाळून, सांभाळून" करणं, ओठ चावत उभं राहणं, हेसुद्धा थोडं थोडं परत घेणंच आहे. समोरच्याचं अर्धं लक्ष तुमच्या चेहऱ्याकडे जातं.

२००६ साली इटलीत तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या स्कीइंगची सांघिक शर्यत चालू होती. कॅनडाच्या सारा रेनरची हातातली काठी शर्यतीतच मोडली. ती मागे पडत चालली. कडेला उभ्या असलेल्या एका माणसानं स्वतःजवळची काठी तिच्या हातात दिली. काठी तिच्या मापापेक्षा लांब होती, पण ती धावली. कॅनडाला रौप्य मिळालं. काठी देणारा माणूस नॉर्वेचा प्रशिक्षक होता, ब्यॉर्नर होकेन्समोएन. आणि नॉर्वे त्या शर्यतीत चौथा आला, पदक हुकलं. कॅनडाच्या लोकांनी नंतर त्याला मेपलच्या पाकाचे हजारो डबे पाठवले. नॉर्वे मागे पडतो आहे हे दिसल्यावर त्यानं ती काठी परत मागितली असती, अशी कल्पना तरी करवते का? कोणी म्हणेल ते ऑलिंपिक आणि हे तालुक्याचं टीनाचं शेड. मला त्यात फरक दिसत नाही. काठी काठीच असते.

"आपल्या खेड्यातल्या पोरायचा हा खेळच नाही" असंही कोणीतरी रविवारी बोललं. पूलचाच भाऊबंद असलेला स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या छावणीत जन्मला, नागपूरहून वर गेलं की जबलपूर. १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. बिलियर्ड्स-स्नूकरचा विश्वविजेता पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचा. खेळ आपला आहे. आपल्याकडे कमी आहेत त्या स्टिका. दहा पोरांमागे एकाकडे स्वतःची असते, म्हणून उसनवारीची रीत मोठ्या शहरांपेक्षा इथं जास्त महत्त्वाची. तिथं ज्याच्याकडे नाही तो विकत घेतो. इथं ज्याच्याकडे नाही तो मागतो.

मागणाऱ्याचंही काही लागतं. मालकाला विचारा, स्टिकला हात घालून मग विचारू नका. भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. फ्रेमच्या मध्ये तिच्यावर रेलून फोन पाहू नका. आणि काही मोडलं तर स्वतः सांगा. मागल्या वर्षी एका पोराच्या हातून माझ्या ब्रेकच्या स्टिकचं टिप निखळलं. मॅच संपल्यावर ते टिप मुठीत धरून तो माझ्याजवळ आला, कापूस वेचणीचे पैसे शनिवारी मिळतात म्हणाला, आणि शनिवारी दीडशे रुपये घेऊन खरंच आला. मी घेतले. नको म्हटलं असतं तर तो पुन्हा कधी मागायला आला नसता.

रविवारच्या त्या पोराबद्दल सांगायचं राहिलं. काल संध्याकाळी तो पार्लरमध्ये आला होता. मी एकटाच सराव करत होतो. बराच वेळ खुर्चीवर बसून पाहत राहिला. मग जवळ आला.

"भाऊ, एक मॅच खेळता का? बेस्ट ऑफ फाइव्ह."

"खेळू नं."

"ब्रेकची स्टिक देसान का?" मी हो म्हणून केसकडे वळलो, तर मागून हळूच विचारलं, "पुरी मॅच?"

मी स्टिक जोडून त्याच्या हातात दिली आणि केस उचलून पलीकडे काउंटरवर ठेवून आलो.