‘गाईड सतत घड्याळ बघत होता’ : बँकॉकमधील याओवारात (चायनाटाऊन) नाइट फूड वॉकच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. संध्याकाळ मनासारखी गेली नाही, घरची दोन माणसं अर्धपोटी हॉटेलवर परतली, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आमचा धंदा लहान आहे. पुढचा माणूस पैसे भरण्याआधी हीच पानं चाळतो आणि दोन तारे दिसले की दुसरीकडे वळतो, म्हणून थोडं सविस्तर लिहावं लागतंय.

तुमचं म्हणणं असं : गाईड सतत घड्याळ बघत घाई करत होता, शाकाहारींना गोडाशिवाय काही मिळालं नाही, कालवांचं ऑम्लेट लिबलिबीत होतं, रंगीत तंबूंचा प्रसिद्ध बाजार दाखवला नाही, आणि माणशी १,६०० बाट घेऊन ४०० बाटचं खाऊ घातलं. बाकी सगळं ऐकून घेतो. घड्याळाचं मात्र मनाला लागलं.

भेटायची वेळ ६:३० होती, ठिकाण वाट मांगकोन मेट्रो स्टेशन, एक्झिट १. तुमची टॅक्सी तिथे ७:२५ ला लागली. बुकिंगनंतरच्या मेसेजमध्ये ‘टॅक्सीने येऊ नका’ हे वाक्य आम्ही मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहितो. तुमचं हॉटेल सुखुमवित स्टेशनजवळ. तिथून निळ्या लाइनवर वाट मांगकोन हे सातवं स्टेशन, गाडी बदलायची नाही, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास, आणि गेटवर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं टॅप चालणारं कार्ड लावलं तरी जमतं. हे स्टेशन २०१९ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून संध्याकाळी चायनाटाऊनला टॅक्सीने जाण्याचं काही कारणच उरलेलं नाही. याओवारात हा तिथला मुख्य रस्ता एकदिशा आहे. अंधार पडू लागला की त्याच्या कडेला खाण्याच्या गाड्या लागतात, पदपथ टेबलांनी भरतो आणि माणसं रस्त्यावर उतरून चालतात. टॅक्सीचं ॲप निघताना जी मिनिटं दाखवतं ती शेवटच्या किलोमीटरमध्ये वाढतच जातात. त्यात पाऊस आला तर विचारायलाच नको, आणि मे ते ऑक्टोबर संध्याकाळचा पाऊस इथे नेहमीचा.

आता ५५ मिनिटांनी एवढं काय बिघडतं, ते सांगतो. याओवारातवर दिवसा सोन्याची दुकानं चालतात. ती संध्याकाळी शटर ओढतात, मग त्यांच्या दारासमोर गाड्या मांडल्या जातात. साडेसहाच्या सुमारास शेगड्या पेटलेल्या असतात आणि गर्दी अजून आलेली नसते. हाच तासभर कामाचा. कुआय जाब, म्हणजे मिरपुडीच्या झणझणीत रश्श्यात गुंडाळी झालेल्या तांदळाच्या पट्ट्या आणि डुकराचं मांस, पावणेसातला दहा मिनिटांत समोर येतं. आठ वाजता त्याच दारात पाऊण तासाची रांग असते. मिशेलिन या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेने बँकॉकची यादी काढायला सुरुवात केल्यापासून ज्या दुकानांवर त्यांची पाटी लागली, तिथे तर ही रांग रोजचीच.

आमच्या वॉकमध्ये सात थांबे आणि तीन तास असतात. थांब्यांचा क्रम चवीवर ठरत नाही, कोण किती वाजता बंद होतं आणि कुणाकडे रांग कधी वाढते यावर ठरतो. त्यातला जवळजवळ एक तास स्टेशनबाहेर उभं राहण्यात गेला, तर उरलेल्या वेळात सात थांबे बसवायला गाईडने घड्याळ नाही बघायचं तर काय बघायचं? त्याची वेळ ९:३० ला संपत होती. तो तुमच्यासोबत सव्वादहापर्यंत थांबला आणि परत जाताना तुम्हाला मेट्रोच्या गेटपर्यंत सोडून आला. जादा वेळेचे पैसे आम्ही तुमच्याकडे मागितले नाहीत. हे रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

शाकाहारी जेवणाची गोष्टही याच ५५ मिनिटांशी बांधलेली आहे. याओवारातचं खाणं मुळात दक्षिण चीनमधून आलेल्या तेओच्यू लोकांच्या घरांमधून आलेलं. रश्श्यात हाडं, कढईत डुकराची चरबी, उरलेल्यात ऑयस्टर सॉस नाहीतर नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी. ‘मांस नको’ म्हटलं की विक्रेता वरचे तुकडे काढून देतो, सॉस तोच राहतो. पाद थायमध्ये सुकी कोळंबी असते. टोफू तळलेला दिसतो, पण त्याच तेलात मगाशी माशाचे गोळे तळलेले असतात. म्हणून शाकाहारी पाहुण्यांना आम्ही फक्त ‘चे’, म्हणजे कडक शाकाहारी, अशा पाटीच्या जागी खाऊ घालतो. पिवळ्या कापडावर लाल अक्षर असतं. चेच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. ‘मांगसाविरात’, म्हणजे साधं शाकाहारी, म्हटलं तर मात्र अंडं आणि दूध येऊ शकतं, दोन्हींत गल्लत करू नये. अडचण अशी की चेची बहुतेक दुकानं दिवसा चालतात. चिनी पंचांगाच्या नवव्या चांद्र महिन्यातले नऊ दिवस, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सगळा रस्ता पिवळा होतो, एरवी संध्याकाळी मोजकीच उघडी सापडतात. आमच्या वाटेवरचं दुकान साडेसातला पातेली धुवायला काढतं. म्हणूनच ते पहिला थांबा आहे. तुमच्या फॉर्मवर दोन शाकाहारी लिहिले होते, त्यांच्यासाठी नूडल्स आणि तळलेला अळकंद सांगून ठेवला होता. मंडळी पोचली तेव्हा शटर अर्धं खाली होतं.

त्यानंतर गोडच उरतं, हे खरं. आणि गोडातही काळजी लागतेच. आल्याच्या पाण्यातले काळ्या तिळाचे बुआ लॉय, म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचे सारण भरलेले गोळे, दिसायला निरुपद्रवी, पण सारण मऊ राहावं म्हणून जुन्या पद्धतीत त्यात डुकराची चरबी घालतात. रोटीत अंडं असतं, आधी सांगितलं नाही तर फोडून टाकतात. आंबा आणि चिकट भात नारळाच्या दुधातला, तो चालतो. काळ्या वाळूत भाजलेले चेस्टनट चालतात. गाईडने पहिल्या दोन बुआ लॉयच्या गाड्या सोडून तिसरीवर नेलं, त्यावर ‘उगाच चालवलं’ असं तुम्ही लिहिलंय. त्याने त्या दोन गाड्यांवर सारणाची चौकशी करून पुढे नेलं होतं, ताई.

ऑम्लेटबद्दल. टॅपिओका आणि तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण सपाट लोखंडी तव्यावर भरपूर तेलात पसरतात, वर अंडं, मग कालवं. कडा कुरकुरीत आणि मध्य ओला, असं ते असायला हवं. कालवांचं पाणी आणि वाफ खालून सुटत राहते आणि टॅपिओका ती शोषून चिवट होतो, त्यामुळे पाचेक मिनिटांत कुरकुरीतपणा जातो. उभ्याउभ्याच खायचं असतं ते. तुम्ही रिव्ह्यूला जोडलेले तव्यावरच्या ज्वाळांचे आणि त्या ताटलीचे सहा फोटो फार छान आलेत. ताटली तोवर टेबलावर होती.

रंगीत तंबूंचा जो फोटो इंटरनेटवर सगळीकडे फिरतो तो रचदा ट्रेन मार्केटचा, शेजारच्या मॉलवरून काढलेला. तो बाजार २०२१ मध्येच बंद झाला. आमच्या पानावर त्याचा फोटो नाही आणि कधी नव्हता.

पैशांचं म्हणाल तर स्वतः फिरून ४०० बाटमध्ये पोट भरतं, नाही कोण म्हणतंय? १,६०० पैकी खाण्यावर माणशी साधारण ६०० जातात. थायलंडमध्ये गाईडचं काम कायद्याने थाई नागरिकांसाठीच राखीव आहे, त्याला परवाना लागतो. असा परवानाधारक गाईड सहा जणांच्या गटाला माणशी चारशेच्या पुढे पडतो. बुकिंगची वेबसाइट पाचवा हिस्सा कापून घेते, म्हणजे ३२०. त्यापुढे प्रवासी विमा आणि पर्यटन परवाना. काय उरतं ते तुम्हीच मांडून बघा. शिवाय गाड्यांवर परदेशी कार्ड चालत नाही, थाई बँकेचा क्यूआर असतो नाहीतर रोख, म्हणून सगळ्या थांब्यांवर २०, ५० आणि १०० च्या नोटा गाईडच्याच खिशातून जातात. रसवालीने तुमच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या त्या तुमच्यामुळे नाही, साठ बाटच्या डाळिंबाच्या रसाला हजाराची नोट पुढे आली म्हणून. गर्दीच्या वेळी तिच्याकडे इतके सुटे नसतात.

चेच्या थांब्याचे दोघांचे मिळून २४० बाट आज परत पाठवलेत, बँकेनुसार काही दिवस लागतील. वेळेची आठवण इथून पुढे आदल्या संध्याकाळीही जाईल. शाकाहारी गटांसाठी उशिरापर्यंत उघडं असलेलं काहीतरी आम्ही बघतो आहोत, आणि सोमवारी बऱ्याच गाड्या बंद असतात ही सूचनाही पानावर वर घेऊ. आमचा गाईड हा रिव्ह्यू ट्रान्सलेटरमधून वाचतो. तारे दोनच ठेवा, पण त्याच्याबद्दलच्या ओळीत तुमची टॅक्सी किती वाजता पोचली, एवढं जोडता आलं तर बघा.